रेवतीला उशीर झाला

घड्याळ काढून ठेवा. मोबाइलही नको, निघालोय तिथे बघण्या-ऐकण्यासारखं इतकं आहे की हात मोकळे असलेले बरे. पुरुष असाल तर धोतर, मांजरपाटाची पैरण आणि टोपी चढवा. बाई असाल तर नऊवारी, आणि पदर डोक्यावर. घोंगडी मात्र दोघांनीही घ्यायची, कारण नोव्हेंबर सरत आलाय आणि रात्री आपण उघड्यावर बसणार आहोत. साल 1963. उतरायचंय रांजणी स्टेशनावर. ‘जालना जिल्हा कुठला’ असं कुणाला विचारू नका, तो व्हायला 1981 चा 1 मे उजाडायचाय; सध्या जालना म्हणजे औरंगाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, कापसाच्या जिनांचं आणि मोठ्या बाजाराचं.

मीटरगेजची गाडी आचके देत थांबते. खिडकीतून आलेला कोळशाचा कण तुमच्या डोळ्यात गेलाय. तो चोळत फलाटावर पाय ठेवता, तोच इंजिनाच्या वाफेचा एक गरम फवारा पोटऱ्यांना चाटून जातो. मागच्या डब्यातून एक गृहस्थ उतरतात. लांब कोट, खांद्यावर उपरणं, काखेत फडक्यात गुंडाळलेल्या चिपळ्या, आणि मागे डोक्यावर पेटी घेतलेला पोरगा. हे आज रात्रीचे हरिदास. बाहेर बैलगाडी जुंपून उभी आहे ती त्यांच्यासाठी, पण गाडीवान तुम्हालाही हात करतो.

“सप्त्याला का, पाव्हणं? मग बसा की. कडबा हाय खाली, टोचायचा न्हाई.”

टोचतो. पण पाच-दहा मिनिटांत तुमची बसण कडब्याला कळते आणि कडब्याची तुम्हाला. चाकांच्या वंगणाचा उग्र वास, बैलांच्या अंगाचा उबदार वास, आणि या दोन्हींवरून वाहणारी काळ्या मातीची धूळ, इतकी बारीक की दातांखाली कचकचते. गाडी चाकोरीत पडली की सरळ चालते, चाकोरी सुटली की तुमचं डोकं हरिदासबुवांच्या खांद्यावर आदळतं. ते हसून सरकून घेतात. दोन्ही बाजूंना कापसाची बोंडं फुटलीत, ज्वारी गुडघ्याला लागलीय, तुरीवर पिवळी फुलं आहेत. कुठेतरी मोट चालू आहे. तिचं चाक कुरकुरतं, मग पाणी थारोळ्यात धबकन पडतं, मग पुन्हा कुरकुर. हा आवाज गाव येईपर्यंत सुटत नाही.

वाट लांब आहे, तोवर तुम्हाला इथे का आणलं ते सांगतो. मित्रांबरोबर तुमचं भांडण चाललं होतं ना, ‘डॉक्टर हू’ कुणी चांगलं सांगितलं यावरून? निळ्या पोलिस-पेटीत बसून काळातून हिंडणाऱ्या त्या प्रवाशाची गोष्ट बीबीसीवर इतकी वर्षं चाललीय की तिचा नायकही 1966 पासून बदलत आलाय: एक नट थकला की नायक नव्या देहात जागा होतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सांगणारा बदलतो. कथा कुठे न्यायची, लेखक कोण घ्यायचे, सूर कुठला लावायचा हे ज्याच्या हाती असतं त्याला आता शोरनर म्हणतात. 2005 ला रसेल टी. डेव्हिस, 2010 पासून स्टीव्हन मोफॅट, 2018 पासून ख्रिस चिबनॉल, आणि 2023 ला पुन्हा डेव्हिस. तुम्ही मोफॅटच्या बाजूने होता, आवाजही चढला होता. त्या भांडणाला माझी काही हरकत नाही. ते जिथे जास्त जीव लावून भांडलं जातं, तिथे तुम्हाला नेतोय. या गावात ऐकणाऱ्यांना गोष्ट आधीपासून तोंडपाठ आहे. पुढे काय होणार, या उत्सुकतेवर इथे कुणाचं भागत नाही. सांगणाऱ्याचा कस लागतो तो इथे.

आणखी एक. आज शनिवार, 23 नोव्हेंबर. लंडनमध्ये संध्याकाळी सव्वापाचच्या सुमाराला ‘डॉक्टर हू’चा पहिलावहिला भाग दाखवतील. निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट, वय अवघं 27. दिग्दर्शक वारिस हुसेन, जन्म लखनौचा. तेव्हा आपल्याकडे रात्रीचे पावणेअकरा वाजलेले असतील आणि तुम्ही मांडवात मांडी घालून बसलेले असाल. ती वेळ लक्षात ठेवा.

गाव आलं. वेशीतच बुक्क्याचा वास येतो, त्यात निंबाच्या डहाळ्यांचा कडवट ओलावा मिसळलेला. मारुतीच्या देवळापुढे बांबूंचा मांडव आहे, वर जुनी धोतरं आणि बारदान जोडून केलेलं छत, कडेला केळीचे खांब, सुतळीवर पताका. खाली ताजं सारवलंय. अनवाणी पायांना गार, थोडं चिकट लागतं. एका खांबाशी एक शेतकरी गळ्यात वीणा घेऊन उभा आहे. डोळे अर्धे मिटलेले, बोटं मात्र तारेवर. सप्ताहाचा आज चौथा दिवस, आणि चार दिवसांत ही वीणा जमिनीला टेकलेली नाही. पहारे लावलेत. एकाचा पहारा संपला की दुसरा पाया पडून ती गळ्यात घेतो, नाद तुटत नाही. तुम्ही नुसतं बघत राहिलात तर तुमचंही नाव पहाऱ्यात घालतील. पहाटे तीनचा पहारा बहुतेक मोकळा असतो.

आधी जेवा. पळसाच्या पत्रावळी, पंगत उन्हात. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि येसराची आमटी. पहिल्या भुरक्यालाच भाजलेल्या मसाल्याचा झटका नाकात जातो, डोळ्यांतून पाणी येतं, आणि वाढणारा पोरगा त्याला आवड समजून आणखी एक पळी ओततो. पत्रावळीची कड उचलून धरा, नाहीतर आमटी शेजाऱ्याच्या मांडीवर जाईल.

दुपारी पोथी. उन्हाने छत तापलंय, सारवण सुकतंय, त्याचा मातकट वास वर येतोय. पुराणिकांचा चष्मा दोऱ्याने कानाला बांधलेला. एक संस्कृत ओळ वाचायची, तिचा अर्थ सांगायचा, पुढची ओळ. समोर बायका वाती वळतायत. कुणाचं पोर दुधासाठी कुरकुरतंय, दोन म्हातारे बसल्या जागी डुलतायत. भागवताचा नववा स्कंध चाललाय, वंशामागून वंश, राजामागून राजा. आणि मध्येच, आवाजात कसलाही फरक न करता, पुराणिक ही गोष्ट सांगून जातात:

कुशस्थलीचा राजा ककुद्मी. मुलगी रेवती. तिच्याजोगा वर कोण, हे ब्रह्मदेवालाच विचारावं म्हणून तिला घेऊन तो ब्रह्मलोकी गेला. तिथे गंधर्वांचं गाणं चाललं होतं, म्हणून क्षणभर थांबला. गाणं संपल्यावर त्याने मनातल्या वरांची नावं सांगितली. ब्रह्मदेव हसले. म्हणाले, राजा, तू थांबलास तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगं गेली. ते वर नाहीत, त्यांचे नातू-पणतू नाहीत, त्यांची नावंही कुणाला ठाऊक नाहीत. आता खाली बलराम आहे, त्याला दे.

आणि पुराणिक पुढच्या वंशाकडे वळतात.

तुम्ही ताडकन सरळ बसता. एक चतुर्युग म्हणजे 43 लाख 20 हजार वर्षं. सत्तावीस म्हणजे 11 कोटी 66 लाख 40 हजार! एका गाण्याएवढ्या वेळात! तुमच्याकडच्या मालिकेने ज्यावर अख्खा हंगाम काढला असता ते इथे वाती वळता वळता उरकलं, आणि कुणाची मान वर झाली नाही. शेजारची आजी तुमची तगमग बघते. तिचे हात वळत्या कापसावरून हटत नाहीत.

“रातीला सांगतील की बुवा. घाई कशापायी?”

रात्र. गॅसबत्त्या फुसफुसतायत, त्यांच्याभोवती किडे. बैलगाड्या आजूबाजूच्या वाड्यांवरून आल्यात, सोडलेले बैल अंधारात रवंथ करतायत. माणूस माणसाला खेटून बसलंय. घोंगड्यांचा लोकरी वास, तंबाखू-चुन्याचा वास, कापूर. हरिदासांनी कोट उतरवून अंगरखा घातलाय, डोक्याला फेटा. पेटीवाला सूर धरतो, तबल्याची शाई चाचपली जाते. पूर्वरंगात काळावरचं निरूपण. तुम्ही अर्धं ऐकता, अर्धं नाही. मग नामाचा गजर, कपाळांना बुक्का, बुवांच्या गळ्यात हार. आणि उत्तररंगाला तेच आख्यान लागतं.

आता बघा बुवा काय करतात. राजा निघतो तो झपाझप, दोन साक्यांत ब्रह्मलोकात. दारातून डोकावतो तर आत हाहा आणि हूहू हे गंधर्व गातायत. आणि इथे बुवा गोष्टच थांबवतात. पेटीवाल्याकडे नुसती नजर टाकतात आणि गायला लागतात. ते गंधर्वांचं गाणं आहे. एक चीज, सावकाश. मग तिचीच बढत. तबला दुगुणीत जातो, बुवांच्या हातातल्या चिपळ्या थुई थुई वाजतात, कुणीतरी “वाऽ बुवा” म्हणतं. एक बत्ती मंदावते, एक जण येऊन पंप मारून जातो. अनोळखी पोर तुमच्या मांडीवर झोपलंय, हाताला मुंग्या आल्यात, तरी हात काढावासा वाटत नाही. जमिनीतून थंडी वर चढतेय. गाणं चाललंय. पावणेअकरा वाजून गेले. तिकडे लंडनमध्ये धुक्यातली एक पोलिस-पेटी घराघरातल्या काचेवर उमटली असेल, आणि तुम्हाला तिची आठवणही झालेली नाही.

मग गाणं थांबतं. बुवा हात जोडतात, आणि इतका वेळ मांडव भरून टाकणारा तो गळा एकदम लहान होतो.

“देवा, मुलीचं विचारायचं होतं.”

ब्रह्मदेव हसतात. ते हसू बुवा तुमच्यावरून फिरवतात. आणि बोट वर करून विचारतात, “मंडळी, गाणं सुरू झालं तेव्हा चंद्र कुठं होता?”

अख्खा मांडव मान वळवून बघतो. गाणं लागलं तेव्हा अर्धा चंद्र मोकळ्या आभाळात होता. आता तो पार मावळतीला, निंबाच्या बुंध्याशी टेकलाय. लोकांच्या तोंडून एक मोठा “हाऽ” निघतो, पुढे बसलेली पोरं टाळ्या पिटतात, आणि तुमच्या पाठीतून काटा सरसरत जातो. राजाचं जे झालं तेच बुवांनी तुमचं केलंय. गोष्ट त्यांनी सांगितली, आणि तुमच्याकडून करवूनही घेतली.

हा मोफॅट आहे, बरोबर? ‘द इलेव्हन्थ अवर’मध्ये डॉक्टर त्या लहान मुलीला पाच मिनिटांत येतो म्हणून सांगतो आणि येतो तो बारा वर्षांनी. ‘हेवन सेंट’मध्ये डॉक्टर हिऱ्याहूनही कठीण भिंतीवर ठोसे मारत राहतो, आणि किती काळ मारतोय हे तुम्हाला उलगडतं तेव्हा साडेचार अब्ज वर्षं होऊन गेलेली असतात. काळ हे ज्याच्या हातातलं वाद्य आहे, असा सांगणारा. तुम्ही त्याच्यासाठी का भांडत होता ते आज पटलं. पण थांबा, अजून दोन रात्री आहेत.

झोप म्हणाल तर दोन-अडीच तास. पहाटे काकड्याला टाळांनी जाग येते, विहिरीवर पाणी ओतून घेतलं की वरून वाफ आणि आतून हुडहुडी. उजाडल्यावर पारावर या. खरं परीक्षण इथे चालतं. कुणी म्हणतो, बुवांनी रंग भरला पण पाल्हाळ लावलं. दुसरा म्हणतो, पाल्हाळ नसतं तर चंद्र खाली आला असता का? तिसऱ्याचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो: चमत्कार झाला, पण राजाचं दुःख कुठं लागलं? एक म्हातारे गाडगेबाबांना पंढरपुरात ऐकून आलेत. बाबा जाऊन सात वर्षं होत आली, तरी ते कालच ऐकल्याच्या थाटात बोलतात. बाबांनी ही कथा घेतली असती, ते म्हणतात, तर राजालाच उभं करून विचारलं असतं, एवढा वेळ गाणं ऐकत बसलास, तेवढ्यात गाव झाडून निघालं असतं का नाही? आणि लोकांकडून ‘निघालं असतं’ असं वदवून घेतल्याशिवाय पुढे गेले नसते.

रविवारची रात्र वेगळी. आज वारकरी कीर्तन. पेटी-तबला नाही, मृदंग, आणि बुवांच्या मागे दोन रांगांत टाळकरी. पहिला टाळ पडतो तो कानात नाही, छातीत. रांगा पुढे-मागे झुलतात, पावलांखाली सारवण उखडून धूळ उडते, बत्तीच्या उजेडात ती सोनेरी दिसते आणि घशात जाऊन खवखवते. घाम आणि बुक्का एक झालाय. बुवा काटक, उन्हात रापलेले. आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेत शिकलेले आहेत, तीच, जोग महाराजांनी 1917 मध्ये काढलेली. रोजचा हात मात्र नांगराच्या रुमण्यावर.

ते अभंग सोडवतायत, आख्यान लावलेलंच नाही. रेवतीची गोष्ट येते ती दृष्टान्तात, चार-पाच मिनिटांची. आणि ती ब्रह्मलोकात जातच नाही. बुवा उभे राहतात कुशस्थलीच्या वेशीत. राजा सांगून गेलाय, येतो म्हणून. वेशीचा पहारेकरी रोज संध्याकाळी कोनाड्यात दिवा लावतो, राजा अंधारात यायचा, ठेच लागायला नको. पहारेकरी म्हातारा होतो, त्याचा पोरगा दिवा लावतो. मग नातू. नातवाला दिवा लावायचा एवढं ठाऊक आहे, कुणासाठी ते ठाऊक नाही. मग एका पावसाळ्यात कोनाडाच ढासळतो.

बुवा इथे मृदंग थांबवतात. बायकांच्या बाजूला बघतात.

“कुणाचं मानूस गेलंय का गं माय, येतो म्हणून?”

कोण जालन्याच्या जिनात गेलेलं आहे, कोण मुंबईला गिरणीत. पत्र नाही, पैसे नाहीत. तुमच्या शेजारच्या बाईने पदराचं टोक तोंडात धरलंय, तिचे खांदे हलतायत. पुरुषांच्या बाजूला कुणीतरी उगीचच खाकरतं. तुमच्याही घशात काही तरी अडकतं, आणि ती धूळ नाही.

डेव्हिसचा ‘एलियन्स ऑफ लंडन’ आठवा. डॉक्टर रोझला घरी परत आणतो, बारा तास झाले असतील या हिशोबाने. झालेले असतात बारा महिने. परग्रहावरची मंडळी लंडनवर येऊन आदळायची आहेत, तरी डेव्हिस आधी आपल्याला एका साध्या घरात नेतो, जिथे आईने हरवलेल्या पोरीची पत्रकं छापून घेतलीत. काळाचा प्रवास करणारा निघून जातो. त्याचा हिशोब घरी राहिलेला चुकवतो. मला विचाराल तर माझं मत या बुवांना. ब्रह्मलोकाचं एक तोरणही न दाखवता त्यांनी 11 कोटी वर्षं एका कोनाड्यात बसवली. मोफॅटबद्दल, म्हणजे कालच्या हरिदासांबद्दल, मला अपार आदर आहे, पण चंद्र घरी गेल्यावर विसरतो. तो कोनाडा विसरायचा नाही.

सोमवारी जांबेहून रामदासी येतात. जांब जवळचंच, समर्थ रामदासांचा जन्म 1608 मध्ये तिथलाच, त्यामुळे गावाला त्यांचं अगत्य मोठं. भगवी कफनी, खणखणीत “जय जय रघुवीर समर्थ”. यांनी विष्णुपुराण बारकाईने वाचलंय. राजा वर असताना खाली काय झालं? पुण्यजन नावाच्या राक्षसांनी कुशस्थली उद्ध्वस्त केली, राजाचे शंभर भाऊ दाही दिशांना पांगले. राजाने राज्य वाऱ्यावर सोडून किती वेळ गाणं ऐकावं? सावध कोण, बेसावध कोण? प्रश्न रास्त आहेत, पण उत्तरंही तेच देतात, आणि लांबवर देतात. मागच्या रांगेत चुन्याच्या डब्या वाजायला लागतात. पोरं झोपली. चिबनॉलवर हाच आक्षेप होता ना, की शिकवतो फार? तरी ‘रोझा’ आणि फाळणीच्या दिवसांत घडणारं ‘डीमन्स ऑफ द पंजाब’ त्याच्याच कारकिर्दीतलं. आपली आजी कुठल्या आगीतून आली हे एका नातीने डोळ्यांनी बघणं, हे त्या आधीच्या दोघांच्या काळात कुणी असं मांडलं नव्हतं. रामदासीबुवांचंही तसंच. शंभर भाऊ पांगले हे आधीच्या दोन्ही बुवांनी गाळलं होतं. ते ऐकताना ज्यांचं गाव सुटलंय अशी दोन-तीन माणसं मांडी बदलून पुढे सरकली, ती मी पाहिली.

मंगळवारी सकाळी काम चुकवू नका. सप्ताह असला तरी वेचणी थांबत नाही. पोटाशी ओटी बांधा, ओळीत उभे राहा. बोंड दिसायला मऊ, पण त्याची वाळकी टोकं बोटांत घुसतात, नखांच्या कडेने रक्त येतं. दव अजून उतरलेलं नाही, पायांना गार पाती लागतात. तुमच्या पुढच्या ओळीत तीच आजी, पोथीला वाती वळणारी. तिचे दोन्ही हात वेगवेगळ्या बोंडांवर चालतात आणि तोंड तिसरीकडेच.

“तिघं सांगून गेले,” ती म्हणते. “त्या पोरीला इचारलं का गं कुनी?”

ओळीतल्या बायका कान टवकारतात.

“बाप गानं ऐकत व्हता. ती कुठं व्हती? उभीच. पाय दुखले आसतील तिचे. तिला आवडलं का गानं? आन खाली आली तवा काय? मानसं समदी खुजी झालेली. बोली कळंना. हिच्या मापाचं एक दार न्हाई.”

पुराणात आहे ते. त्या युगांत माणसं ठेंगणी झाली होती आणि रेवती फार उंच दिसली, म्हणून बलरामाने नांगराच्या टोकाने तिला खाली ओढून आपल्या मापाची केली. हरिदासांनी त्यावर हशा पिकवला होता. वारकरीबुवांनी ते घेतलं नाही. रामदासींनी एका वाक्यात उरकलं.

“नांगर कशापायी घातला?” दुसऱ्या ओळीतून एक तरुण सून म्हणते. “बायकू आपल्यापरीस उंच नगं म्हनून!”

हसण्याचा एक लोट कापसावरून जातो, दूरचा राखणदार दचकून बघतो. आजी हसत नाही. ती ओटी सावरते.

“आन तिची आई? तिचं नाव बी न्हाई पोथीत. पोर सकाळी बापासंगं गेली ती गेली. आईनं किती दिस ताट वाढून ठिवलं आसंल, ते सांगायला येईना एकालाबी.”

बुधवारी काला. मडकं फुटतं, दही आणि ज्वारीच्या लाह्या अंगावर सांडतात, पोरं ओंजळी पसरून धक्के देतात, तुमच्या पायावर कुणीतरी पाय देतं आणि तुमच्याच तोंडात लाह्यांची मूठ कोंबतं. आंबट, खारट, मध्ये हिरव्या मिरचीचा तुकडा. चुलवणावर गव्हाची खीर रटरटतेय, गुळाचा वास गावभर. पंच मंडळी एका बाजूला पट्टीचा हिशोब करतायत आणि त्याबरोबर पुढच्या वर्षीचे बुवा कोण, यावर आवाज चढलाय. हरिदास पाहिजेत म्हणणारे एकीकडे. आळंदीचेच बुवा बोलवा म्हणणारे दुसरीकडे, आणि तुम्ही, मोफॅटचे कट्टर, कधी इकडे येऊन उभे राहिलात तुमचं तुम्हालाच कळलेलं नाही. जांबेच्या बुवांना टाळता येणार नाही, असं पाटील बजावतात.

आजी गर्दीतून वाट काढत थेट पंचांपुढे येते.

“रेवतीच्या आईचं सांगनारा बुवा आना.”

“तसला बुवा कुठं मिळायचा, आजी?” एक पंच वैतागून म्हणतो. “पोथीत न्हाई ते कोन सांगनार? तुमीच सांगा मग.”

दोघं-तिघं हसतात. कोपऱ्यातल्या वेचणीच्या बायका मात्र लाह्यांची भांडणं सोडून पुढे सरकतात, ती तरुण सून सगळ्यांत आधी. आजी दह्याचे हात पदराला पुसते, जागेवरच बसकण मारते, आणि पोरांचा गलका तसाच चालू असताना सुरुवात करते:

“राणी आसली तरी चूल तीच सारवायची. पोर निघाली तवा तिचे हात शेनामातीचे व्हते.”